बिनकाचेचे बावीस फोटो

१

“पाळकसाहेब, जे देवाघरी गेले त्यांचे फोटो जसेच्या तसे आहेत, आणि जे जिवंत आहेत तेच का पुसत चाललेत?”

प्रश्न विचारून झाला आणि मग रिबेकाच्या लक्षात आलं, की हॉलमधली दीडशे माणसं माना वळवून तिच्याकडे बघतायत. तिला आवडलं. गेल्या वर्षापर्यंत फळ्यासमोर उभं राहायचं म्हटलं तरी तिच्या तळहातांना घाम फुटायचा. मग ती वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात दुसरी आली आणि तेव्हापासून माइकनेच तिला घाबरायला सुरुवात केली.

तसा हा प्रश्न पैजेचा होता. शुक्रवारी मधल्या सुट्टीत रविना म्हणाली होती, “आमच्यापुढे काय बडबडतेस, भर उपासनेत विचारून दाखव.” त्यावर फरजानाने भर घातली होती, “विचारलंस तर माझ्याकडून कचोरी. दोन प्लेट.” नववीत आल्यापासून रिबेका असल्या पैजा जमिनीवर पडू देत नसे.

पण प्रश्न खोटा नव्हता. नंदुरबारच्या बाहेर, मिरची वाळत घालण्याच्या पथारीला लागून ख्रिस्ती मंडळीचा हा हॉल. नाताळात त्याच्या लांबच लांब भिंतीवर बावीस फोटो लागले होते. नवापूरकडच्या डोंगरातल्या गावांतून ऐंशी पार केलेल्या बावीस म्हाताऱ्या माणसांचे, त्यांच्याच अंगणात काढलेले. त्यांच्या वरच्या रांगेत मंडळीच्या नऊ दिवंगत पाळकांचे फोटो होते. सगळे एकाच माणसाने, हबीबने, एकाच प्रिंटरवर छापलेले. पाळकांचे फोटो काचेच्या फ्रेममध्ये होते. म्हाताऱ्यांच्या घरच्यांनी मात्र काचेला साफ नकार दिला होता. काचेत घातला की माणूस गेल्यासारखा दिसतो, आमचा माणूस अजून शेळ्या वळतोय, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते बावीस फोटो सनबोर्डाच्या पांढऱ्या, हलक्या फळीवर चिकटवून उघडेच लावले होते.

आता फेब्रुवारीचा पहिला रविवार होता आणि बावीसही चेहरे तांबूस होऊन विरत चालले होते. मागची झाडं तपकिरी, आभाळ पिवळट. वरचे नऊ पाळक मात्र टवटवीत. त्यांच्या मागचा निळा पडदासुद्धा कालच धुतल्यासारखा.

पहिल्या बाकावरून चौऱ्याऐंशी वर्षांच्या हिराबाई काठी टेकत उठल्या. “माझं काय, मी आज ना उद्या पुसली जाणारच. पण माझं निळं लुगडं कुठं गेलं ते सांगा कुणीतरी. लेकीने घेतलेलं होतं.”

लोक हसले. हसले खरे, पण काही जणांनी हळूच भिंतीकडे पाहून नजर वळवली, हेही रिबेकाने टिपलं.

मग मंडळीचे सचिव उभे राहिले. सचिव म्हणजे जोएल, रिबेकाचे पप्पा. “यात गूढ काही नाही,” ते म्हणाले. “काचेतल्या फोटोंना चांगली शाई वापरली आणि आमच्या अडाणी म्हाताऱ्यांना स्वस्तातली. कुणाला कळणार, असं हबीबला वाटलं असेल. ईस्टरनंतर आपल्याकडे लग्नं आहेत. पुढच्याच्या पुढच्या रविवारी इथूनच जाहीर करू, की मंडळीतल्या कुणीही फोटोचं काम त्याला देऊ नये.”

माना डोलल्या. रिबेका मटकन खाली बसली. कारण हबीब म्हणजे फरजानाचे अब्बा.

सोमवारी फरजाना शाळेत आली ती कचोरीबद्दल एक शब्द न बोलता. बाकावर दप्तर ठेवून म्हणाली, “अब्बांना कळलं. वार्षिक परीक्षा झाली की सुरतला जायचं म्हणतायत. मामूच्या दुकानात. आम्ही सगळेच.”

“एका रविवारच्या बोलण्यावरून?”

“वर्षभराचं काम तुमच्याच लग्नांवर असतं. आणि एका मंडळीने नावावर काट मारली की बाकीचे विचारत बसत नाहीत.” फरजाना वहीच्या कोपऱ्याची सुरळी करत राहिली. “तुला मीच तर विचारायला सांगितलं होतं.”

“तेरा दिवस आहेत,” रिबेका म्हणाली. “मी शोधून काढते.”

“आणि शाई खरंच खराब निघाली तर?”



२

हबीबचा स्टुडिओ म्हणजे एक काउंटर, एक पडदा, एक प्रिंटर आणि भिंतभर लग्नं. रिबेकाला बघून हबीबचाचांनी नेहमीसारखं स्टूल पुढे सरकवलं, पण नेहमीसारखे हसले नाहीत.

“विचार बेटा. तू विचारणारीच आहेस.”

“काचेतल्या फोटोंना वेगळी शाई होती का, चाचा?”

“कागज वही, शाई वही, दिन भी वही.” त्यांनी प्रिंटरचं झाकण उघडून दाखवलं. “ह्या बघ बाटल्या. निळी, गुलाबी, पिवळी, काळी. एकतीस फोटो एका दुपारी छापले. म्हाताऱ्यांसाठी वेगळी शाई भरायची म्हणजे आधीची सगळी काढून टाकायची, नळ्या धुवायच्या. एवढा कुटाणा करून मी काय मिळवणार?”

बरोबर होतं. पण पप्पा म्हणाले असते, तो तर असंच म्हणणार. रिबेकाने वहीत लिहिलं: *शाई एकच, असं चाचा म्हणतात.* ‘म्हणतात’ खाली रेघ मारली. मैत्रिणीचे अब्बा आहेत म्हणून सूट द्यायची नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं.

“या चार रंगांत कच्चा कुठला?”

“निळा. तो पहिला जातो. तो गेला की माणूस तांबडा दिसायला लागतो.”

हिराबाईंचं लुगडं. रिबेकाने मान वर केली. “त्याच दिवशी छापलेला एखादा फोटो आहे का तुमच्याकडे? उघडा, बिनकाचेचा?”

चाचांनी डोकं खाजवलं. “रंग जमतो का बघायला पहिली प्रिंट काढली होती. फेकली असेल. की नाही? थांब.” ते काउंटरच्या मागे वाकले. तिथे कॅलेंडरच्या शेजारी एका खिळ्याला बिलं, पावत्या आणि जुने पासपोर्ट फोटो लटकत होते. सगळ्यांच्या वर, टाचणीने टोचलेला, दीड महिना दुकानाची धूळ खात असलेला एक फोटो होता.

हिराबाई. अंगणात, बाजेवर, मिस्कील डोळ्यांनी बघत. आणि त्यांच्या अंगावरचं लुगडं निळंभोर होतं.

३

“मग त्याने चांगला आपल्याकडे ठेवला आणि वाईट आपल्याला दिला,” रविना म्हणाली. रविनाला कशावरही विश्वास न ठेवण्याची सवय होती आणि म्हणूनच रिबेका तिला बरोबर घेऊन फिरत होती.

“पहिली प्रिंट रंग बघायला काढतात, कुणाला दाखवायला नाही. ती खिळ्याला टोचून ठेवली होती, रविना. पुरावा म्हणून ठेवली असती तर चाचांनी मी विचारायच्या आधी काढून दिली असती. त्यांना तर आठवतही नव्हतं.”

“ते ठीक.”

“म्हणजे फोटो चांगले गेले आणि बिघडले ते हॉलमध्ये.”

हॉलची किल्ली चुडामणकाकांकडे असे. ते हॉलची राखण करत, झाडलोट करत आणि हॉलला लागूनच असलेल्या खोलीत राहत. दोघी पोरी अर्धा तास भिंतीला नाक लावून फिरताहेत हे बघून ते दारातूनच अहिराणीत म्हणाले, “काय देखी ऱ्हायन्यात वं पोरीसवन? सोनं पुरेल शे का भिंतमा?”

“काका, फोटो कशाने पुसता?”

“कोरडा फडका. पानी नही, फिनेल नही. माले तेवढं समजस.”

रिबेकाने ऊन तपासलं. खिडक्यांसमोरचे फोटो उडालेले होते, पण खांबाच्या मागे, जिथे दिवसाही दिवा लावावा लागे, तिथलेही तितकेच उडालेले होते. उलट खिडकीसमोरच्या रांगेत काचेतले पाळक मजेत होते. काचेतून ऊन जातंच की.

“ऊन नाही,” तिने लिहिलं.

“आत कसला वास येतो गं?” रविनाने नाक वर केलं. “झेरॉक्सच्या दुकानासारखा.”

वास होता खरा. तिखट मिरचीच्या ठसक्याखाली दबलेला, स्वच्छ, टोचणारा. रिबेकाने लिहून ठेवलं, कळलं काहीच नाही. ती गीतांच्या पुस्तकांच्या कपाटाकडे वळली. पुस्तकांच्या गठ्ठ्यांना रबरं लावलेली होती. एका गठ्ठ्याला हात लावला तर रबर ताणायच्या आधीच तुकडे होऊन खाली पडलं. दुसरंही तसंच.

“उंदरं शेतस, दुसरं काय,” चुडामणकाका म्हणाले. “नाताळपासून एक रबर टिकस नही. नवी आणस, पंधरा दिनमा भुगा.”

पण रबराला दातांच्या खुणा नव्हत्या. सगळीकडे बारीक आडव्या भेगा होत्या, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या चिखलासारख्या.

रिबेका पुन्हा हिराबाईंच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला नावाची छापील चिठ्ठी होती, आणि ती पारदर्शक चिकटपट्टीने लावलेली होती. चिठ्ठी लहान, पट्टी लांब. दोन्ही बाजूंना बोटभर पट्टी थेट फोटोवर चिकटलेली.

तिने मोबाइलचा दिवा लावला आणि नाक फोटोपासून वीतभर अंतरावर नेलं.

“रविना,” ती हळू आवाजात म्हणाली, “इकडे ये. लुगडं सापडलं.”

चिकटपट्टीच्या खाली, बोटभर जागेत, हिराबाईंच्या लुगड्याचा काठ निळाच होता.

४

“पारदर्शक पट्टीतून उजेड जातो. मग काय जात नाही?”

बाजारपेठेच्या कोपऱ्यावर उभं राहून रिबेकाने हा प्रश्न फरजानाला घातला. फरजाना आज प्रथमच आपणहून बरोबर आली होती.

“पाणी. धूळ.” फरजाना थांबली. “हवा.”

“काचेतूनही तेच. बावीसही फोटोंत पट्टीखाली रंग आहे, मी एकेक बघितला. म्हणजे रंग खाणारं जे काही आहे ते हवेतून येतं.”

“हवा तर आमच्या दुकानातही आहे.”

“म्हणून आपण इथे आलोय.”

समोर अझरुद्दीनचा स्टुडिओ होता, हबीबच्या दुकानासमोर नवा झालेला, चकाचक. जानेवारीत तो हॉलमध्ये दोनदा येऊन गेला होता. आणि रविवारी पप्पांचं बोलणं झाल्या झाल्या त्याचा निरोप आला होता, की सगळे फोटो मी फुकटात पुन्हा करून देतो. संशयितांच्या यादीत रिबेकाने त्याच्या नावापुढे दोन फुल्या मारल्या होत्या.

अझरुद्दीनने दोघींना बघितलं आणि फरजानाला ओळखून खुर्ची सावरली. रिबेकाने आडवळण घेतलंच नाही.

“तुम्ही हॉलमध्ये कशाला आला होतात?”

“लग्नाच्या शूटिंगला कॅमेरा कुठे लावायचा ते बघायला. चुडामण होता माझ्याबरोबर, विचार त्याला.” मग त्याला प्रश्नाचा रोख कळला आणि तो हसला. “मी फोटोंवर काही मारलं असं म्हणतेस? हे बघ, हबीबभाईची गिऱ्हाइकं मला पाहिजेत, खोटं कशाला बोलू. पण त्याची ही बदनामी मला नको. आज लोक म्हणतील हबीबचे फोटो उडतात. उद्या म्हणतील फोटो उडतातच, मोबाइलमध्येच बरे. मग मी काय छापू?”

रिबेकाने मनातल्या मनात एक फुली खोडली.

“तुम्ही पण हाच कागद वापरता?”

“सगळे हाच वापरतात. लगेच वाळतो. वाळतो कारण त्याला बारीक छिद्रं असतात, शाई आत शिरते. पण छिद्रं तशीच उघडी राहतात ना, मग शाईला हवा लागत राहते. म्हणून आम्ही सांगतो काच घाला, लॅमिनेशन करा. उघडा ठेवला तर उडतो. पण त्याला दोन-तीन वर्षं लागतात. दीड महिन्यात?” त्याने मान हलवली. “असली हवा मी बघितली नाही.”

दुसरीही फुली गेली.

बाहेर पडल्यावर फरजाना म्हणाली, “त्या हॉलच्या हवेत आमच्यापेक्षा जास्त काय आहे सांग. मिरची.”

मिरची. हिवाळाभर पथारीवर लाल गालिचा पसरलेला असे. वारा फिरला की हॉलमध्ये पाळकांचं प्रवचनही शिंकांनी अडायचं. नाताळच्या उपासनेत तर गायनमंडळातली रिबेकाची मम्मी, लिडिया, सगळ्यात उंच सुरावर पोचली आणि जी खोकत सुटली ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. ज्या हवेने मम्मीचा सूर तोडला तिने फोटो खाल्ले असतील का?

“वाटणं पुरे,” रिबेका म्हणाली. “करून बघू. चाचांना सांग, एकाच कागदावर चार छोट्या प्रिंट पाहिजेत. निळ्या आभाळाच्या.”

शुक्रवारी दुपारी प्रिंट जागेवर गेल्या. पहिली हॉलमध्ये, खांबामागे, उघडी. दुसरी तिच्याच शेजारी, पण काचेत. तिसरी चुडामणकाकांच्या खोलीत, पथारीकडच्या खिडकीत, उघडी. तिथे मिरचीचा ठसका हॉलपेक्षा दुप्पट. चौथी दुकानात. पहिलीच्या आणि तिसरीच्या शेजारी तिने एकेक नवं रबर ताणून खिळ्याला अडकवलं.

“आठ दिवस कुणी हात लावायचा नाही, काका.”

“हात लावाले काय पेढा शे का तो?” चुडामणकाका म्हणाले.

जाहीर करायचा रविवार आणि प्रिंट काढायचा शनिवार यांच्यात एक रात्र उरत होती.

५

शनिवारी सकाळी तिघी हॉलवर पोचल्या तेव्हा फरजानाने आत यायला नकार दिला. “तू बघ आणि सांग,” ती पायरीवर बसून म्हणाली.

पहिल्या प्रिंटमधलं आभाळ करपलं होतं. निळ्याच्या जागी मळका गुलाबी. शेजारचं रबर दोन तुकडे होऊन खाली पडलेलं. काचेतली दुसरी प्रिंट तशीच निळी.

“मिरची,” रविना म्हणाली. “मिरचीच.”

“तिसरी राहिली अजून.”

चुडामणकाकांच्या खोलीत शिरताच दोघींनाही शिंका आल्या. खिडकीच्या गजांवर तांबडी भुकटी बसली होती. प्रिंटवरही बसली होती. रिबेकाने फुंकर मारली.

भुकटीखाली आभाळ निळं होतं. रबर शाबूत. ताणलं तर टणत्कार झाला.

 मिरचीही निर्दोष सुटली होती.

रिबेका खोलीतल्या बाजेवर बसली आणि बोटांवर मोजत मोठ्याने विचार करू लागली. शाई नाही, फरजानाने सकाळी आणलेली दुकानातली प्रिंट निळीच आहे. ऊन नाही, पट्टीखाली रंग आहे. मिरची नाही, या खोलीत ती जास्त आहे. हवेतून येतं, पण या भिंतीच्या पलीकडच्याच हवेतून. रबर खातं. नाताळनंतर सुरू झालंय. आणि झेरॉक्सच्या दुकानासारखा वास.

“काका,” तिने मान वर केली, “हॉल बंद केल्यावर आत काय चालू असतं?”

चुडामणकाकांनी चहाचा कप खाली ठेवला. “काही नही.”

“झेरॉक्सच्या दुकानात यंत्र असतं म्हणून वास येतो, काका. इथेही आहे.”

ते बराच वेळ चिमणीसारखे इकडेतिकडे बघत राहिले. मग म्हणाले, “माले सांगेल शे, कोन्हाले सांगू नको.”

“त्यापायी हबीबचाचांचं दुकान बंद पडायला आलंय. त्यांची पोरगी बाहेर पायरीवर बसलीय.”

चुडामणकाका उठले. हॉलमध्ये जाऊन त्यांनी व्यासपीठामागचा पडदा बाजूला केला. तिथे लहान टीव्हीएवढी पांढरी पेटी होती, पुढे जाळी, मागे पंखा. “वास मारानं मशीन शे. मिरचीना ठसका जावाले पाहिजे म्हनीसन. रोज बारा वाजता खिडक्या लावस, हाई चालू करस, दोनला बंद. नाताळना तिसरा दिनपासून.”

रिबेका गुडघ्यांवर बसली. पेटीच्या बाजूला अर्धवट निघालेला कागद होता. त्यावर एक शब्द ठळक होता, ओझोन, आणि खाली सूचना: यंत्र चालू असताना खोलीत थांबू नये.

विज्ञानाच्या पुस्तकात ओझोन तिला फक्त वर आभाळात भेटला होता, पृथ्वीची छत्री म्हणून. तिने तिथूनच विज्ञानाच्या मॅडमना फोन लावला. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “वर छत्री, खाली उपद्रव. अगं, रबर चिरतो, रंग उडवतो, छातीत गेला तर त्रास देतो. बंद खोलीत रोज दोन तास? खिडक्या उघड आधी.”

रविना धावत खिडक्या उघडायला गेली. रिबेका हलली नाही. एक प्रश्न राहिला होता.

“काका, हे कुणी आणलं?”

चुडामणकाकांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते पडदा सारखा करत म्हणाले, “तुन्हा बापनी आनेल शे, पोरी.”

६

संध्याकाळी घरी भाकरी आणि तुरीची डाळ होती. रिबेकाने ताट पुढे ओढलं नाही. तिने चारही प्रिंट ओळीने मांडल्या, शेजारी तुटलेलं रबर आणि शाबूत रबर, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. दुकानातला खिळा, चिकटपट्टीखालचा काठ, अझरुद्दीनची छिद्रं, चुडामणकाकांची खिडकी. कुठेही आवाज चढवला नाही. वक्तृत्व स्पर्धेत तिला हे जमलं नव्हतं, म्हणून ती दुसरी आली होती.

जोएलचा हात भाकरीवर तसाच थांबला.

“ते दवाखान्यातलं आहे,” अखेर ते म्हणाले. ते एका खाजगी दवाखान्यात कारकून होते. “कोरोनात आणलं होतं, नंतर पडून होतं. डॉक्टर म्हणाले घेऊन जा.”

“मग लपवलंत कशाला, पप्पा?”

त्यांनी लिडियाकडे बघितलं. “नाताळात तू पायरीवर बसली होतीस. सगळे आत गात होते आणि तुला श्वास घेता येत नव्हता. मशीन सगळ्यांसमोर ठेवलं असतं तर लोक म्हणाले असते, सचिवाने बायकोसाठी आणलं. आणि तेच खरं होतं.”

 लिडियाने तुटलेलं रबर उचललं, बोटांत फिरवलं. मग हळूच विचारलं, “दोनला बंद करतात ना? आणि तीनला आमचा सराव असतो.”

“हो, मम्मी.”

“जानेवारीपासून सरावाला गेले की छाती जास्तच भरते. मला वाटायचं मिरचीचं प्रमाण वाढलंय.”

जोएलने ताट बाजूला सारलं.  शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

“मशीन आजच काढून आणतो,” ते म्हणाले. “उद्याचं जाहीर करायचं राहू दे. पाळकसाहेबांना सांगतो, विषय काढू नका म्हणून. हबीबला मी जाऊन भेटेन, एकटा. तेवढ्याने भागेल ना?”

“नाही भागणार.”

“बेका.”

“पप्पा, आरोप दीडशे लोकांसमोर झाला. उद्या कुणी काहीच बोललं नाही तर ते दीडशे लोक ईस्टरपर्यंत तोच आरोप घेऊन फिरतील. चाचा सुरतला जातील आणि इथे सगळे म्हणतील, बघा, खोटा होता म्हणून पळाला.”

“आणि मी? मंडळीत माझं काय राहील?”

हा प्रश्न त्यांनी रागाने विचारला नव्हता. रागाने विचारला असता तर तिला सोपं गेलं असतं. रिबेकाने त्यांच्याकडे बघितलं. थकलेले, केस विरळ झालेले पप्पा, ज्यांनी बायकोच्या श्वासासाठी एक जड पेटी सायकलवर बांधून गुपचूप हॉलमध्ये नेली होती. तिला त्यांचा हात धरावासा वाटला. तिने तो धरला, आणि धरूनच बोलली.

“मी ठरवलंय. उद्या उपासना संपली की मी उभी राहणार. हबीबचाचांची शाई चांगली होती हे सांगणार, या चार प्रिंट दाखवणार, आणि मशीन आपल्याच घरातल्या माणसाने तिथे नेलं हेही सांगणार. कशासाठी नेलं तेही. चाचा आणि फरजाना मागच्या बाकावर येऊन बसणार आहेत, मी त्यांना बोलावलंय. तुम्हाला माझ्या आधी बोलायचं असेल तर मी तुमचं होईपर्यंत बसून राहीन, पप्पा. पण त्यानंतर मी उठणार आहे.”